ग्वातेमालाला पहिल्यांदा जाताय? आधी वार आणि वेळ ठरवा

ग्वातेमाला हा मध्य अमेरिकेतला छोटा देश, महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आकाराचा. नकाशा समोर ठेवला की सगळंच हाताशी वाटतं. इथे आंतिग्वा हे स्पॅनिश काळातलं जुनं शहर, तिथे ज्वालामुखींनी वेढलेलं आतित्लान सरोवर, वर उत्तरेच्या जंगलात तिकालचे, प्राचीन माया लोकांनी बांधलेले मंदिर-मनोरे. मग माणूस आठवड्यात आठ ठिकाणं कोंबतो आणि निम्मी सुट्टी व्हॅनच्या खिडकीत बसून काढतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: अंतरं नंतर मोजा, आधी कॅलेंडर उघडा. चिचिकास्तेनांगोचा मोठा बाजार भरतो फक्त गुरुवारी आणि रविवारी. आतित्लानच्या पाण्यावर सकाळी काचेसारखी शांतता असते, पण दुपारनंतर वारा सुटला की छोट्या बोटी आपटायला लागतात. तिकालमध्ये पहाटेचे दोन-तीन तास म्हणजे सगळ्या दिवसाचं सार. आणि अंधार पडल्यावर रस्त्याने लांबचा प्रवास करायचा नाही, हे तिथले लोकही पाळतात. या चार गोष्टी धरून बसलं की आराखडा जवळजवळ आपोआप तयार होतो.

कागदपत्रं: तिकिटाच्या आधी हे

भारतीय पासपोर्टवर ग्वातेमालासाठी व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा आहे त्यांच्यासाठी नियम वेगळे असतात आणि ते बदलतही राहतात. ग्वातेमालाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. त्यांना ईमेल करून आपल्या बाबतीत काय लागू होतं ते लेखी मागवा आणि तो ईमेल छापून सोबत ठेवा. विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर हाच कागद कामाला येतो.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. माद्रिदहून ग्वातेमाला सिटीला थेट उड्डाण आहे, पण त्या मार्गाने जाताना स्पेनचा ट्रान्झिट नियम आधी बघून घ्या. पनामा किंवा कोलंबियामार्गे तिकीट स्वस्त पडलं तर पीतज्वराची लस घेऊनच निघा. हे देश पीतज्वराच्या यादीत आहेत आणि परत येताना भारतातल्या विमानतळावर लसीचं पिवळं कार्ड मागतात. ते नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक बाब नीट लक्षात घ्यावी. ह्यूस्टन, मायामी, लॉस एंजेलिसहून ग्वातेमाला काही तासांवर असल्यामुळे लाँग वीकेंडला जोडून जायचा मोह होतो. पण पासपोर्टवरचा एच-१बी चा शिक्का संपलेला असेल तर जाऊ नका. संपलेल्या शिक्क्यावर कॅनडा-मेक्सिकोहून थोड्या दिवसांत परत येण्याची जी सवलत आहे, ती ग्वातेमालाला लागू नाही. परतीच्या विमानात बसूच दिलं जाणार नाही.

कधी जावं

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, मे ते ऑक्टोबर पावसाळा. पावसाळ्यातही बहुतेकदा सकाळ उघडी असते आणि पाऊस दुपारी येतो, त्यामुळे बजेट कमी असेल तर जून-जुलै अगदी वाईट नाही. माझी पसंती नोव्हेंबरच्या उत्तरार्धाला किंवा जानेवारी-फेब्रुवारीला. तेव्हा आकाश स्वच्छ असतं आणि ज्वालामुखी दिसतात. मार्च ते मे तिकालकडे उकाडा असह्य होतो.

याला एक अपवाद आहे, ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा. त्या दिवसांत आंतिग्वाच्या रस्त्यांवर लोक रात्र रात्र बसून रंगीत लाकडी भुसा, फुलं आणि पाइनच्या पात्यांचे लांबच लांब गालिचे घालतात. येशूची मूर्ती ठेवलेला प्रचंड लाकडी चौथरा खांद्यावर घेऊन कित्येक डझन माणसं डुलत डुलत येतात आणि तो गालिचा तुडवून पुढे जातात. मिरवणुकीमागून बँडवाले, त्यांच्यामागून झाडूवाले, आणि तासाभरात त्याच दगडांवर पुढच्या मिरवणुकीसाठी नवा भुसा चाळला जातो. शुक्रवारी दुपारपर्यंत खांदेकऱ्यांचे झगे जांभळे असतात, नंतर काळे. हे बघायचं असेल तर खोली चार-सहा महिने आधी घ्या आणि दुप्पट-तिप्पट दराची तयारी ठेवा. एरवी हा आठवडा टाळा, कारण सगळा देश सुट्टीवर असतो आणि सरोवराकाठी पाय ठेवायला जागा नसते.

सांगाडा: सोमवारी उतरा

तीन मुक्काम आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार रात्री. बारा दिवस असतील तर असं बसवा.

सोमवारी ग्वातेमाला सिटीत उतरून थेट आंतिग्वा. मंगळवार, बुधवार तिथेच. गुरुवारी सकाळी चिचिकास्तेनांगोचा बाजार करून संध्याकाळपर्यंत सरोवरावर. शुक्रवार, शनिवार सरोवर. रविवारी सकाळी राजधानीकडे परत आणि रात्री तिथे मुक्काम. सोमवारी सकाळच्या विमानाने तिकालजवळचं फ्लोरेस. मंगळवारी तिकाल, रात्री तिथल्या उद्यानातच राहायचं. बुधवारी पहाट तिकालमध्ये आणि दुपारी फ्लोरेसला परत. गुरुवारी याशा, हेही जंगलातलं जुनं माया ठिकाण. शुक्रवारी विमानाने राजधानी आणि तिथून पुढे घरी.

दहाच दिवस असतील तर आंतिग्वाची एक रात्र आणि याशा काढा. आठवडाच असेल तर तिकाल किंवा सरोवर, दोन्हीपैकी एकच धरा. हा निर्णय जड जातो, पण दोन्ही अर्धवट बघण्यापेक्षा बरा.

राजधानीतला रविवारचा मुक्काम बऱ्याच जणांना फुकट वाटतो. सरोवराहून विमानतळ चार तासांत येतो खरा, पण वाटेत अपघात, दरड किंवा रास्ता रोको झाला की सात तासही लागतात. तिथे रास्ता रोको नवलाचा नाही. त्याच दिवशीचं विमान धरायचं म्हणजे जुगार. शिवाय दुपारी लवकर पोचलात तर विमानतळाजवळच राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिकालला जाण्याआधी ते बघितलं तर पुढे जंगलातले दगड वाचता येतात. सोमवारी ते बंद असतं, हाही वाराचाच मुद्दा.

आंतिग्वा

विमानतळापासून अंतर साधारण 40 किलोमीटर, वेळ गर्दीप्रमाणे एक ते दोन तास. उबर चालते, हॉटेलं शटल व्हॅनही पाठवतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,530 मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे आपण ज्या उंचीला माथा म्हणतो जवळजवळ तिथे यांचा बाजार भरतो आणि भोवतीचे ज्वालामुखी त्याच्या वर आणखी दोन हजार मीटर उठतात. रात्री स्वेटर लागतो.

ग्वातेमालातली स्पॅनिश सत्तेची राजधानी आधी शेजारीच होती. सप्टेंबर 1541 मध्ये आग्वा ज्वालामुखीच्या उतारावरून चिखलाचा लोंढा आला आणि ती गाडली गेली. 1543 मध्ये आजच्या जागी नवी राजधानी उभी राहिली. दोनशे तीस वर्षं ती मध्य अमेरिकेवरच्या स्पॅनिश सत्तेचं केंद्र होती. मग 29 जुलै 1773 च्या भूकंपाने मठ, चर्च, वाडे सगळं पाडलं. सरकारने 1776 मध्ये राजधानी आजच्या ग्वातेमाला सिटीत हलवली आणि लोकांनाही निघायला सांगितलं. सगळे गेले नाहीत. जे राहिले त्यांच्यामुळे शहर टिकलं, आणि पैसा निघून गेल्यामुळे ते बदललं नाही. 1979 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

हा इतिहास ठाऊक असला की तिथे काय बघायचं ते कळतं. फोटोत सगळीकडे दिसते ती सांता कातालिनाची पिवळी कमान. ती सकाळी सातच्या आत बघा, नंतर माणसांची डोकीच दिसतात. पण शहराचा खरा अर्थ पडक्या मठांत आहे. माझ्या मते एकच मठ बघायचा असेल तर कापुचिनास बघा. तिथे एक गोल इमारत आहे. तिच्या कडेने ख्रिस्ती जोगिणींच्या अठरा खोल्या आहेत, प्रत्येक एका माणसापुरती. तळघरात उतरलात तर मधोमध एक जाडजूड खांब सगळा घुमट पेलून उभा दिसतो. तिथे हळू आवाजात गुणगुणलं तरी नाद भरून राहतो. त्यानंतर ला मेर्सेद चर्चला जा. पिवळ्या भिंतीवरची पांढरी नक्षी सगळे पाहतात, तुम्ही मनोऱ्यांची उंची पाहा. बुटके, रुंद, जाड भिंतींचे. भूकंप झेलायचे म्हणून त्या गवंड्यांनी इमारत जमिनीला धरून बांधली.

रस्ते गोटे बसवलेले आहेत. चाकाची बॅग ओढणं अशक्य, उंच टाचा तर विसराच. शहर चौकटीत आखलेलं आहे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना काये म्हणतात, उत्तर-दक्षिण रस्त्यांना आव्हेनिदा. पत्ता सांगताना लोक ज्वालामुखीचा आधार घेतात: आग्वा नेहमी दक्षिणेला.

ट्रेकिंगची सवय असेल तर आकातेनांगोचा विचार करा. उंची 3,976 मीटर, एका रात्रीचा तळ सुमारे 3,600 मीटरवर, आणि समोर फुएगो ज्वालामुखी. फुएगो जागा असेल तेव्हा रात्री लाल निखारे उडताना दिसतात. सह्याद्रीतले किल्ले चढणाऱ्यांना वाट अवघड नाही, विरळ हवा आणि थंडी अवघड आहे. पहिल्याच दिवशी जाऊ नका, दोन रात्री आंतिग्वात काढून मग जा. फुएगोच्या अंगावर जाणारी जादा फेरी काही वाटाडे विकतात. ती घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. जून 2018 मध्ये याच डोंगराने पायथ्याची वस्ती गाडली होती. निघण्याआधी कोनरेद या आपत्ती निवारण संस्थेची ताजी सूचना बघा. या ट्रेकसाठी एक जादा दिवस धरावा लागतो.

चिचिकास्तेनांगोचा गुरुवार

बाजाराच्या दिवशी आंतिग्वाहून सकाळी शटल निघते, चिचिला काही तास थांबते आणि दुपारी सरोवराकाठच्या पनाहाचेलला सोडते. सामान गाडीतच राहतं. बुकिंग करताना थेट पनाहाचेलला सोडणार ना, हे विचारून घ्या. काही गाड्या परत आंतिग्वालाच येतात.

पर्यटकांसाठी मांडलेल्या मुखवट्यांच्या आणि टेबलक्लॉथच्या गल्ल्या पटकन ओलांडा आणि झाकलेल्या भाजीबाजारात शिरा. त्याच्या वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली टोमॅटो, मिरच्या, गाजरं आणि कीचे या माया समाजातल्या बायकांचे विणलेले झंपर एकाच नजरेत येतात. सांतो तोमास चर्च सोळाव्या शतकातलं, जुन्या माया चौथऱ्यावर बांधलेलं. त्याच्या पायऱ्यांवर फुलंवाल्या बसतात आणि कोपाल या सुगंधी डिंकाचा धूर चालू असतो. मधल्या पायऱ्या पूजा करणाऱ्यांच्या आहेत, पाहुण्यांनी बाजूच्या दाराने जायचं. आत फोटो काढायचे नाहीत. जमिनीवर मेणबत्त्या, पाकळ्या, थोडी दारू अर्पण केलेली दिसेल. तिथे संत आणि पूर्वज एकाच जागी पुजले जातात.

याच गावात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने कीचे लोकांची सृष्टिकथा, पोपोल वुह, त्यांच्या भाषेत उतरवून घेतली आणि शेजारी स्पॅनिश अनुवाद लिहिला. मूळ प्रत हरवली, त्याची नक्कल उरली. ती आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्या कथेत देव माणसाला आधी मातीचा, मग लाकडाचा करून पाहतात आणि शेवटी मक्याच्या पिठाचा करतात. गावागावात दुपारी तव्यावर पडणारी मक्याची भाकरी बघताना हे आठवलं पाहिजे.

आतित्लान सरोवर

सुमारे 80 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाने जमीन खचली आणि त्या खड्ड्यात हे सरोवर साठलं. खोली तीनशे मीटरच्या वर. दक्षिणेला सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी. सरोवरातून बाहेर वाहणारी नदी नाही, त्यामुळे पाण्याची पातळी वर्षानुवर्षं चढते-उतरते. काठावर पाण्यात बुडालेल्या भिंती आणि पुन्हा पुन्हा उंच केलेले लाकडी धक्के दिसतील. काठाला लागून खोली घेताना धक्क्यापासून वाट कशी आहे ते विचारा.

राहायचं कुठे? पनाहाचेल सोयीचं पण गजबजलेलं. सान पेद्रोत तरुण बॅकपॅकर आणि स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा, रात्री गोंगाट. सान मार्कोसला योग-ध्यानवाले. कुटुंबासोबत असाल तर मी सान हुआन ला लागुना सुचवतो. गाव स्वच्छ, चालायला सोपं आणि विणकर बायकांच्या सहकारी संस्थांचं.

तिथल्या एखाद्या संस्थेत तासभर बसा. मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं असतं, दुसऱ्या टोकाचा पट्टा विणणारीच्या कमरेमागून गेलेला असतो. ती मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल. म्हणजे कापडाचा ताण तिच्या पाठीत असतो. सूत झाडांच्या साली, पानं आणि निवडुंगावरच्या कोचिनियल किड्यांपासून रंगवतात. किडा तळहातावर चिरडून दाखवतात, राखाडी ठिपक्यातून गडद लाल रंग निघतो. त्यात लिंबू पिळलं की तो नारिंगीकडे झुकतो. एका शालीला आठवडे लागतात. घासाघीस बाजारात करा, इथे करू नका.

गावागावांत जायला लांचा नावाच्या मोटारबोटी. पनाहाचेलला दोन वेगळे धक्के आहेत, एक सांतियागो आतित्लानसाठी, दुसरा पश्चिमेच्या गावांसाठी. रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगा, म्हणजे तो बरोबर धक्क्यावर सोडेल. भाडं सुट्ट्या केत्सालमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, उतरताना द्या. बोटीत पुढे बसू नका, लाट लागली की पुढची बाजू आपटते आणि पाठ धरते. दुपारी सुटणाऱ्या वाऱ्याला तिथे शोकोमिल म्हणतात. तो सुटायच्या आत फिरून यायचं, म्हणजे सातला निघून बारापर्यंत दोन गावं आणि मग मुक्कामी परत.

शुक्रवारी वरच्या सोलोला गावचा बाजार असतो, मंगळवारीही. पनाहाचेलहून अर्ध्या तासात पोचता येतं. पर्यटकांसाठी मांडलेलं तिथे जवळजवळ काही नाही. पुरुषही विणलेले रंगीत पोशाख घालून येतात. चिचिपेक्षा मला हा बाजार जास्त आवडतो.

सांतियागो आतित्लान हे त्सुतुहिल या माया समाजाचं मोठं गाव. तिथे माशिमोन नावाची लाकडी मूर्ती दरवर्षी वेगळ्या घरी मुक्कामाला असते. तोंडात चिरूट, अंगावर रुमालच रुमाल, समोर दारू. दर्शनाला आणि फोटोला वेगवेगळे पैसे द्यावे लागतात. शांत बसा, पूजा चालू असेल तर फोटो नको. याच गावाने यादवीत फार सोसलं. 1960 ते 1996 या काळात देशात दोन लाखांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा गायब झाली, त्यांतले बहुसंख्य माया. म्हणून कुणाच्याही, विशेषतः मुलांच्या, चेहऱ्यावर न विचारता कॅमेरा रोखू नका. माया संस्कृती लोप पावली असं पुस्तकांत वाचून आपण जातो. ग्वातेमालात आजही बावीस माया भाषा बोलल्या जातात, आणि बोटीत तुमच्या शेजारी बसलेली बाई त्यातलीच एक बोलत असते.

सान पेद्रोने 2016 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. कापडी पिशवी घरूनच न्या.

फ्लोरेस, तिकाल, याशा

राजधानीहून फ्लोरेसला विमान तासाभराचं. रात्रीची बस आठ-दहा तास घेते आणि निम्म्याहून स्वस्त पडते, पण पहिल्या प्रवासात मी विमानच सांगेन. छोट्या विमानांत सामानाची मर्यादा कडक असते, ती तिकिटावर पाहा.

फ्लोरेस हे पेतेन इत्सा सरोवरातलं बेट, पुलाने किनाऱ्याला जोडलेलं. आज त्यावर रंगीत घरं आणि हॉटेलं आहेत. पूर्वी इथे नोहपेतेन ही इत्सा मायांची राजधानी होती. स्पॅनिश सेनानी कोर्तेस 1525 मध्ये इथून गेला, तरी स्पॅनिशांना हे बेट जिंकायला 13 मार्च 1697 उजाडला. म्हणजे इकडे जिंजीला मोगलांचा वेढा पडलेला असताना तिकडे शेवटचं स्वतंत्र माया राज्य तग धरून होतं. बेट अर्ध्या तासात फिरून होतं. संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर बसा.

तिकाल इथून साधारण 65 किलोमीटर. सकाळी सहाला उघडतं, संध्याकाळी सहाला बंद. परदेशी प्रवाशाला दिवसाचं तिकीट 150 केत्साल आणि पहाटेच्या खास फेरीला वर आणखी 100, दर निघण्याआधी पुन्हा तपासा. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, पासपोर्ट सोबत लागतो. पहाटेची फेरी परवानाधारक वाटाड्यासोबतच करता येते.

उद्यानात मोजकी हॉटेलं आहेत आणि ती महाग आहेत. तरी एक रात्र तिथे काढा. फ्लोरेसहून आलेल्या बस नऊ-दहाला रिकाम्या होतात आणि दुपारी परत भरतात. आत राहणाऱ्याला त्याच्या आधीचा आणि नंतरचा वेळ मिळतो. पहाटे बहुतेकदा धुकं असतं, सूर्य क्वचितच नीट दिसतो. चौथ्या मंदिराच्या माथ्यावर, सुमारे 65 मीटर उंचीवर, अंधारात बसायचं ते आवाजासाठी. आधी काहीच नाही, मग कुठूनतरी हाऊलर माकडाची घरघर, तिला दुसऱ्या बाजूने उत्तर, आणि पाहता पाहता सगळं जंगल गरजायला लागतं. धुकं विरळ होतं तसे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मंदिराचे माथे झाडांच्या वर निघतात.

मोठ्या चौकातलं पहिलं मंदिर 47 मीटर उंच. त्याखाली हासाव चान काविल या राजाची समाधी सापडली. त्याने 695 मध्ये कालाकमुल या प्रबळ वैरी राज्याचा पराभव केला आणि शतकभराहून जास्त दबलेलं तिकाल पुन्हा उभं केलं. त्यावर चढायला बंदी आहे, समोरच्या दुसऱ्या मंदिरावर मागच्या लाकडी जिन्याने चढता येतं. चौकानंतर लोक परत फिरतात. तुम्ही मध्यवर्ती आक्रोपोलिसच्या राजवाड्यात शिरा आणि मग मुंदो पेर्दिदोकडे जा, तो भाग जुना आणि निवांत आहे.

तिकालच्या परिसरात नदी नाही. हजारो माणसं राहिली ती पावसाच्या पाण्यावर. चौकांना गिलावा करून हलका उतार दिला आणि पाणी मोठ्या टाक्यांत वळवलं. वाटाड्याला त्या टाक्या दाखवायला सांगा, एरवी त्या झाडीत लपलेल्या खोलगट जागा वाटतात. विमानातून लेझरने केलेल्या पाहणीत 2018 मध्ये उत्तर ग्वातेमालाच्या जंगलात साठ हजारांहून जास्त बांधकामं आढळली. पायवाटेच्या कडेचा जवळजवळ प्रत्येक उंचवटा कुणाचं तरी घर असतो.

आणखी एक झाड बघाच, चिकूचं. घोलवड-डहाणूच्या बागांमधला चिकू मूळचा याच भागातला. तिकालच्या मंदिरांच्या दारांवरच्या कोरीव तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत आणि बाराशे वर्षं टिकल्या आहेत. चौथ्या मंदिरातल्या काही एकोणिसाव्या शतकात काढून नेल्या, त्या स्वित्झर्लंडमध्ये बासलच्या संग्रहालयात आहेत. जुन्या खोडांवर तिरप्या, एकात एक मिळणाऱ्या खाचा दिसतील. च्युइंगमसाठी चीक काढणाऱ्यांनी त्या पाडलेल्या आहेत. या चीकवाल्यांनीच जंगलातली कित्येक ओसाड शहरं बाहेरच्या जगाला दाखवली.

याशाला दुपारी निघा. मुख्य रस्ता सोडल्यावर कच्च्या वाटेचे दहा-अकरा किलोमीटर आहेत. टेकडीवरच्या 216 क्रमांकाच्या मंदिरावरून सूर्यास्ताला एका बाजूला सरोवर आणि दुसऱ्या बाजूला अखंड जंगल दिसतं. माणसं तुरळक. सरोवरात मगरी आहेत, पोहायचं नाही. फक्त या परतीसाठी अंधारात प्रवास होतो, तेव्हा ओळखीच्या एजन्सीचीच गाडी घ्या.

शाकाहारी माणसाने काय खावं

उपाशी राहायची वेळ येत नाही. काळ्या घेवड्याची उसळ-चटणी, मक्याच्या गरम भाकऱ्या, ताजं चीज, तळलेली राजेळीसारखी केळी, ग्वाकामोले. रेयेनितो म्हणजे केळ्याच्या गोळ्यात गोड घेवडा भरून तळलेला पदार्थ, तो रस्त्यावर मिळतो. चिपिलिनचा पाला घातलेले तामालितो, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले उंडे, मिळाले तर सोडू नका. थंडीच्या सकाळी कोवळ्या मक्याचं गरम आतोल घ्या.

अडचण दोन ठिकाणी येते. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर ताटात कोंबडी येते, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गोमांस-डुकराचं मांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नको) असं पूर्ण म्हणा. दुसरं, घेवडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबी नको, हे शब्द पाठ करा. जैन मंडळींनी थेपले-खाकरे न्यावेत. आणि बाजारात वेलदोडा विचारा. ग्वातेमाला जगातला सर्वात मोठा वेलदोडा निर्यातदार आहे, तरी घरोघरी तो फारसा वापरत नाहीत.

पैसे, पाणी, प्रकृती

चलन केत्साल. एटीएम बँकेच्या आतलंच वापरा. गावांत आणि बोटीत रोकड लागते, तीही सुट्टी. डॉलरची फाटकी किंवा चुरगळलेली नोट कुणी घेत नाही. नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही बाटलीतलं घ्या. पेतेनमध्ये, म्हणजे तिकालच्या भागात, डासांपासून जपा, डेंग्यू आहे: लांब बाह्या, लांब पँट, डासांचं क्रीम. प्रवास विम्यात ट्रेकिंग धरलेलं आहे का ते वाचा.

जुन्या अमेरिकन स्कूल बस रंगवून चालवलेल्या कामियोनेता दिसायला देखण्या असतात. आंतिग्वाच्या आसपास जवळच्या अंतराला त्यात बसा, सामानासकट लांबवर नको. सरोवराकाठी एका गावातून दुसऱ्यात जाणाऱ्या निर्जन पायवाटांवर लुटालूट झालेली आहे, तेव्हा स्थानिक वाटाडा घ्या किंवा बोटीने जा. थोडं स्पॅनिश शिका. मोबाइलमध्ये अनुवादाचं ॲप ऑफलाइन उतरवून ठेवा, पेतेनच्या जंगलात नेटवर्क जातं.

जास्त दिवस असतील तर

परतताना विमानाऐवजी रस्त्याने रिओ दुल्सेमार्गे या. तिथे इसाबाल हे देशातलं सर्वात मोठं सरोवर आहे आणि काठावर चाच्यांना अडवायला स्पॅनिशांनी बांधलेला सान फेलिपेचा किल्ला. पुढे किरिग्वा, केळीच्या मळ्यांमध्ये उभे असलेले माया शिलास्तंभ. त्यातला सर्वात उंच दहा मीटरच्या वर आहे. किरिग्वाच्या राजाने 738 मध्ये सीमेपलीकडच्या, आता होंडुरासमध्ये असलेल्या, कोपानच्या राजाला पकडून ठार केलं. कोपानलाही जोडून जाता येतं. त्यासाठी किमान चार दिवस वाढवा आणि व्हिसा होंडुरासलाही चालतो का ते दूतावासाला त्याच ईमेलमध्ये विचारा.

खरेदीत एक बंधन कटाक्षाने पाळा. बाजारात कुणी हळूच ‘जुनी’ मूर्ती किंवा खापर दाखवलं तर हातही लावू नका. नकली असेल तर पैसे गेले आणि अस्सल असेल तर ती देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. विणलेलं कापड, कॉफी, वेलदोडे घ्या. सान हुआनच्या संस्थांमध्ये विणणारीचं नाव लिहिलेली चिठ्ठी कापडाला लावलेली असते, ती काढू नका.